रागांची कोडी सोडवायला बसताय? आधी सा शोधा

गेली दोन वर्षं दर रविवारी रात्री आम्ही सात-आठ जण व्हिडिओ कॉलवर बसून रागांची कोडी सोडवतो, म्हणजे एखाद्या वाक्यावरून किंवा वाजवलेल्या तुकड्यावरून राग ओळखतो. कुणी नाशिकचं, कुणी पुण्याचं, एक काकू पणजीच्या आणि एक जोडपं न्यू जर्सीचं, ज्यांची तेव्हा दुपार असते. नवीन कुणी आलं की पहिल्या महिन्यात गळतं, कारण त्यांना वाटतं आपल्याला काही येत नाही. मलाही अगदी तसंच वाटलं होतं, म्हणून लिहितेय. थाट (रागांचे गट), वादी-संवादी (रागातला मुख्य स्वर आणि त्याचा जोडीदार), प्रहर (रागाची वेळ) हे तुम्हाला थोडंफार माहितीये असं धरून चालते.

शब्दांच्या कोड्यांपासून सुरुवात करा, ती सोपी नसतात पण घाबरवत नाहीत. उदाहरणार्थ 'सकाळी सकाळी तो डीजे कुणी लावला?' यात वेळही आहे आणि राग वाक्यात लपलाय, तो-डी. 'संध्याकाळी थोडक्यात मार वाचला' म्हणजे मारवा. 'दुपारी सारं गरमच लागतं' म्हणजे सारंग. एकदा डोळ्याला सवय लागली की पेपरातल्या बातमीतही राग दिसायला लागतात, खरंच. वेळ जुळली नाही तर मात्र उत्तर टाकू नका, चांगला कोडं घालणारा प्रहर कधीच उगाच लिहीत नाही.

मग येतात स्वभावाची कोडी. 'रात्रीच्या प्रवाशाचं आणि सकाळच्या प्रवाशाचं सामान तेच, फक्त डाव्या-उजव्या खिशातल्या किल्ल्या अदलाबदल.' याच्यावर मी चार दिवस घालवले. उत्तर भूप आणि देसकार. सामान म्हणजे सा रे ग प ध, दोघांचं सारखंच. भूपात वादी ग आणि संवादी ध, देसकारात वादी ध आणि संवादी ग, ह्याच त्या किल्ल्या. हे मी 'मध्यमा' या संगीत परीक्षेत घडाघडा लिहून पास झाले होते, आणि तरी कोड्यात ओळखता आलं नाही. पाठ असणं आणि ऐकू येणं यात किती अंतर आहे ते तेव्हा कळलं आणि फार वाईट वाटलं, आजही आठवलं की वाटतं.

आता मुख्य गोष्ट, ज्यात मी पडले आणि ज्यात तुम्हीही पडणार आहात.

ऑडिओ कोडं होतं, बारा सेकंदांचा बासरीचा तुकडा, तानपुरा कापून टाकलेला. मी पेटी घेतली, स्वर शोधले, पाचच निघाले. एका स्वरावर बासरी सारखी येऊन थांबत होती, तोच सा धरला आणि वर मोजत गेले. कोमल ग, शुद्ध म, कोमल ध, कोमल नि. रे नाही, प नाही. मालकंस! तीन मिनिटांत उत्तर दिलं, वर दोघांशी वादही घातला. उत्तर होतं भूप.

हे कसं झालं ते नीट समजून घ्या, घाई करू नका, पेटी समोर असेल तर उघडाच. फक्त काळ्या पट्ट्या वाजवा, पांढरीला हात लावू नका. काळी तीन, म्हणजे तीन काळ्यांच्या गटातली पहिली, सा धरली तर भूप. त्याच पट्ट्या, पण काळी चारला सा धरा, सा रे म प आणि कोमल नि मिळतो, म्हणजे मेघ किंवा मधमाद सारंगाचे स्वर. काळी पाचला सा धरा, मालकंस. काळी एकला दुर्गा. काळी दोनला धानी. एकही पट्टी बदलली नाही, फक्त घर, म्हणजे सा, बदललं, यालाच मूर्च्छना म्हणतात. आणि माझी बासरी ज्या स्वरावर थांबत होती तो भूपाचा गंधार, म्हणजे ग, होता, वादी स्वर, तो थांबणारच ना! मी थांबण्याच्या जागेला घर समजले. वादी म्हणजे सा नव्हे हे वाक्य वाचायला इतकं साधं आहे की तुम्ही म्हणाल यात काय सांगायचं, पण तानपुरा काढून टाकला की कान शंभर टक्के हीच चूक करतो, आणि मारव्यात तर उलटी पंचाईत, तिथे गाणारे सा ला मुद्दाम हूल देऊन रे आणि ध वर खेळतात, त्यामुळे बराच वेळ सा कुठाय तेच कळत नाही. पंचम, म्हणजे प, नसल्यामुळे टेकायला दुसरी जागाही नाही. म्हणून माझी पद्धत आता अशी की तुकडा ऐकताना स्वर मोजतच नाही. आधी तीन-चार वेगवेगळे सा गुणगुणून बघते आणि प्रत्येकावर तोच तुकडा गाऊन पाहते. एकावर तो बसतो. मग बाकीचं.

यासाठी अ‍ॅप वापरू नका. ट्यूनर तुम्हाला पट्टी सांगेल, घर सांगणार नाही. आमच्यातला एकजण वर्षभर अ‍ॅपवर सोडवत होता, त्याला अजून पूरिया आणि सोहनी वेगळे ऐकू येत नाहीत. दोन्हीचे स्वर सारखे आहेत, अ‍ॅप काय करणार बिचारं, फरक चलनात, म्हणजे स्वर कसे फिरतात त्यात आहे, सोहनी वरच्या सप्तकात रमते आणि पूरिया खालच्या, मंद्र सप्तकात.

मदत कुणाकडे मागायची तर जो उत्तर सांगत नाही त्याच्याकडे. त्या मालकंसच्या रात्री सगळे उत्तर सांगून मोकळे झाले. पणजीच्या काकू मात्र म्हणाल्या, 'बाय, तू काळ्या पट्ट्या पाच वेळा वाजव आणि उद्या फोन कर.' मी दुसऱ्या दिवशी फोन केला तेव्हा रडत होते, कारण मला पाचही राग ऐकू आले होते.

बंदिशीच्या मुद्रांवर, म्हणजे रचनाकार बंदिशीत घालतो त्या टोपणनावांवर पण कोडी येतात, ती पाठांतराची आहेत, पटकन होतात. सदारंग म्हणजे नियामत खाँ, प्रेमपिया म्हणजे फैयाज खाँ, गुणिदास म्हणजे जगन्नाथबुवा पुरोहित, चतुर म्हणजे भातखंडे. वही करा, झालं.

कर्नाटक संगीतातली कोडी आली तर पळू नका. 72 मेळकर्त्यांचे, म्हणजे तिथल्या मूळ रागांचे, क्रमांक नावाच्या पहिल्या दोन अक्षरांतच दडवलेत, कटपयादी पद्धतीने. क ट प य हे चारही 1, तिथून वर्णमालेच्या प्रत्येक ओळीत पुढे मोजायचं. कीरवाणी: क 1, र 2, उलट करा, 21 वा मेळ. चारुकेशी: च 6, र 2, उलट केलं की 26. मला हे पहिल्यांदा जमलं तेव्हा मी रात्री एक वाजता नवऱ्याला उठवून सांगितलं. इतक्या शतकांपूर्वी कुणीतरी बसून नावात आकडा लपवला आणि तो आपल्याला सापडतो, यासाठी मी हे सगळं करते.

पहिले सहा महिने एकही उत्तर बरोबर आलं नाही तरी येत राहा. चुकीचं उत्तर मोठ्याने सांगा, गप्प बसणाऱ्याला कुणी सुधारू शकत नाही.

या रविवारचं कोडं तुम्हालाही देते: दुर्गेनं आपल्या पंचमाला घराचा सा केलं तर दारात कोण उभं? पेटीवर स्वर दोन मिनिटांत निघतील. पण त्या स्वरांची पाहुणी मंडळी दोन आहेत, वर त्यांची नावं येऊन गेलीत. काकूंनी जो तुकडा गाऊन पाठवलाय त्यात रिषभ (रे) मध्यमाचा (म) कण, म्हणजे ओझरता स्पर्श, घेऊन हलतोय. आता सांगा.