चिनी चंद्र मराठीत आणताना

सोलापुरात कोजागरीला गच्चीवर वाचायला चिनी कवी ली बाय (७०१–७६२) यांची ‘शांत रात्रीचा विचार’ ही कविता बरी: ४ ओळी, २० चिनी अक्षरं. आधी कागदावर प्रत्येक अक्षराखाली एकेक मराठी शब्द लिहा. ओळीत ५ अक्षरं, दुसऱ्यानंतर विराम. ‘मी’ कुठेच नाही. तो घालू नका, नाहीतर कविता डायरी होते.

कच्चा खर्डा असा: पलंगापुढे चांदणं, वाटलं, जमिनीवर हिम, मान वर, चंद्र, मान खाली, गाव.

घोळ होतो तो दुसऱ्या ओळीत. तिथे गोठलेलं दव आहे, म्हणजे थंडी आणि सरतं वर्ष. आपल्याकडे ते दिसत नाही म्हणून ‘दव’ लिहिलं की गारठाच जातो. ‘हिम’ ठेवा. शेवटच्या शब्दाला ‘माहेर’ नको, बोलणारी सासुरवाशीण होईल, ‘गाव’ पुरतं. गिरणीपायी इथे आलेल्या घरांत तो शब्द कसा उच्चारतात, ते ऐकलंय ना?

यमक पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या ओळीत आहे. मोठ्या अभंगाचा साचा वापराल तर यमक दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत सरकेल. त्यापेक्षा अष्टाक्षरी घ्या.

पाठभेद तपासा. जुन्या, सोंग राजवटीच्या काळातल्या प्रतींत तिसऱ्या ओळीत ‘डोंगरावरचा चंद्र’ आहे, प्रचलित पाठात ‘उजळ चंद्र’.

चंद्र म्हणजे प्रेयसीचं मुख, ही आपली सवय इथे आड येते. ली बाय यांचे समकालीन कवी तू फू यांची ७५६ मधली ‘चांदरात’ जोडीला वाचा: कवी बंडखोरांच्या ताब्यातल्या राजधानी छांगआनमध्ये, चंद्र मात्र दूर फूचौ गावी एकटी पत्नी पाहते आहे.