काझाच्या वाटेवरचे नाले सकाळीच ओलांडा
मनालीहून बाइकवर स्पिती खोऱ्यातल्या काझाला निघालात तर ग्राम्फू ते बातल हा टप्पा लवकर उरका. रस्त्यात आडवे येणारे नाले म्हणजे वितळलेलं बर्फ. सकाळी घोट्यापर्यंत असलेलं पाणी ऊन तापलं की दुपारी गुडघ्याला लागतं. आधी चालत जाऊन तळ बघा, बूट भिजणारच आहेत. मग पहिला गिअर, एकसारखा थ्रॉटल, नजर पलीकडच्या काठावर. मध्येच क्लच दाबलात की गोट्यांवर गाडी आडवी झालीच म्हणून समजा. पाण्यात बंद पडली तर स्टार्टर मारत बसू नका, इंजिनात पाणी ओढलं जातं; ढकलत बाहेर काढा. आणि हो, कोरडे मोजे बॅगेच्या तळाशी नकोत, वरच ठेवा.