रॉकेटच्या पोटात दुसरी नळी हवीच का?

भाच्याच्या मॉडेल रॉकेटसाठी मिरजेत बसून आतली नळी आणि पुठ्ठ्याच्या चकत्या कापण्यात अख्खा रविवार गेला, आणि मग लक्षात आलं की त्याची गरजच नव्हती. मोटर (म्हणजे दारू भरलेलं पुठ्ठ्याचं नळकांडं, जे रॉकेट उडवतं) १८ मिमीची आणि बाहेरची नळीही आतून तेवढीच, मग मोटर थेट त्यातच बसते. नळी रुंद असेल (फॉइलच्या रोलची वगैरे), तरच आतली नळी आणि मोटर मधोमध धरणाऱ्या दोन चकत्या लागतात.

आतल्या नळीशिवाय बसवायची तर:

१. मोटर ७० मिमी लांब असते. वापरून झालेल्या रिकाम्या मोटरवर, आत जाणाऱ्या टोकापासून ६४ मिमीवर पेनने खूण करा.
२. नळीत आत, ६४ मिमीच्या जरा अलीकडे, काडीने फेविकॉल फिरवा. पुठ्ठ्याची जाड कडी मागच्या तोंडातून सरकवा आणि रिकाम्या मोटरने, खूण नळीच्या तोंडाशी येईपर्यंत ढकला. ही कडी नसेल तर मोटर पेटल्यावर पुढे घुसते.
३. मोटर लगेच बाहेर ओढा. मी चहा ओतायला उठलो, तेवढ्यात ती चिकटली. नळी वाया.
४. उडवताना नव्या मोटरला मास्किंग टेपचे वेढे द्या, अंगठ्याने दाबून जेमतेम आत जाईल इतके. सैल राहिली तर पॅराशूट बाहेर काढण्यासाठी मोटरच्या वरच्या टोकाला होणारा छोटा स्फोट पॅराशूटऐवजी मोटरच मागे फेकतो.

मोटर कारखान्यातलीच घ्या, फटाक्याची दारू अजिबात नको. आणि ऊस तुटलेलं रान मोकळं दिसलं तरी पाचट पडलेलं असताना तिथे उडवू नका.