सोलर स्टीमचा माल घेताना वाफेचं नाही, कोरड्या रिसीव्हरचं तापमान बघा

भोसरीत आमच्या शेडच्या स्लॅबवर उन्हाने वाफ करणारी एक आरशांची डिश आहे, तिच्यावर दोन-तीनदा हात पोळून घेतल्यावर जे कळलं ते सांगतो. सगळे आधी प्रेशर बघतात, ७ किलोला वाफ १७० अंश, १० किलोला १८३, मग दुकानात जाऊन विचारतात २०० डिग्रीचा ब्लॅक (काळा रंग) आहे का. इथेच गंडतं. रिसीव्हरमध्ये, म्हणजे डिशचं ऊन जिथे एकवटतं त्या भांड्यात, पाणी आहे तोवर तेच पत्र्याला गार ठेवतं, पण गुरुवारी लाइट गेली, पंप थांबला आणि डिश सूर्यावरच राहिली की आतलं पाणी उडतं आणि मग पत्रा चारशेच्या पुढे आरामात जातो. माल त्या दिवसासाठी घ्यायचा.

पाइप साधा कार्बन स्टीलचा, सीमलेस, ए-१०६ ग्रेड बी. भवानी पेठेत घ्या नाहीतर भोसरीत, पण पाइपावरचा हीट नंबर (लोखंडाच्या घाण्याचा नंबर) आणि सर्टिफिकेटवरचा नंबर जुळतो का ते उभं राहून बघा, "नंतर पाठवतो" म्हणाला तर उठा तिथून. ४२५ अंशाच्या वर हे लोखंडही कायम ठेवायचं नसतं. जीआय (जस्त चढवलेला पाइप) अजिबात नको, जस्ताला २०० च्या वरचा ताप झेपत नाही आणि वेल्डिंग करताना त्याचा धूर छातीत गेला तर रात्री तापाने फणफणाल.

"स्टेनलेसच घालू ना, गंजच नको" असं प्रत्येक जण म्हणतो. ३०४ ला (नेहमीच्या स्टेनलेसला) गंज नाही चढत, पण बोअरच्या पाण्यात क्लोराइड असेल तर ६० अंशाच्या वर त्याला बारीक तडे जातात, बाहेरून चकचकीत आणि वेल्डजवळून वाफेची बारीक पिचकारी. शिवाय उष्णता वाहायला ते कार्बन स्टीलच्या साधारण एक तृतीयांश, आणि फुगतं जास्त. १० मीटर लाइन १५० अंशाने तापली तर कार्बन स्टील १८ मिलिमीटर वाढतं, स्टेनलेस २५ च्या वर, त्यामुळे लाइन दोन्ही टोकांना घट्ट आवळू नका, मध्ये लूप द्या. तांबं घेतलंत तर जॉइंट सिल्व्हर ब्रेझिंगनेच. साधं शिसं-कथलाचं डाख १८३ अंशाला वितळतं, म्हणजे बरोब्बर १० किलोच्या वाफेला, आमचा एक जॉइंट असाच गळून पडला होता.

आता रंग. पहिल्या वेळी मी रेड ऑक्साइड मारून वर हीट रेझिस्टंट ब्लॅक मारला, सवयच तशी ना, आणि तिसऱ्या दिवशी रंग जळक्या पापडासारखा सुटून आला. खालचा प्रायमर जळाला की वरचा कितीही भारी असू दे, पडणारच. त्यामुळे प्रायमर नाही, सँडब्लास्ट करून त्याच दिवशी थेट सिलिकॉन बेसचा ब्लॅक, ५००-६०० अंशाचा. ब्लास्टिंग जमत नसेल तर ग्राइंडरने पांढरं लोखंड काढा, थिनरने पुसा आणि नंतर बोट लावू नका. कोट पातळच हवा, जाड मारला की फोड येतात. आणि हा रंग नुसता वाळून पक्का होत नाही, भाजावा लागतो, डब्यावर लिहिलेलं तापमान बघून (बहुतेक २०० च्या आसपास) हळूहळू चढवा, थोडा धूर आणि घाण वास येणारच, घाबरू नका.

सिलेक्टिव्ह कोटिंग घ्यायचं का? काळा रंग ऊन शोषतो तसा ताप बाहेरही फेकतो, २०० अंशाला चौरस मीटरमागे जवळपास २.८ किलोवॉट आणि ३०० ला ६ च्या पुढे. ब्लॅक क्रोमसारखं सिलेक्टिव्ह कोटिंग हे फेकणं बरंच कमी करतं. लांबलचक ट्रफच्या (पन्हाळीसारख्या आरशाच्या) नळीला ते घ्याच. शिर्डीच्या प्रसादालयावर आहेत तशा १६ चौरस मीटरच्या शेफ्लर डिशला रिसीव्हर छोटासा असतो, तिथे मी पैसे घालणार नाही, उघड्या हवेत एकदा कोरडं तापलं की ब्लॅक क्रोमही गेलं.

इन्सुलेशन रॉकवूलचं, पफ (पॉलियुरेथेन फोम) १२० च्या आसपासच मान टाकतो. फ्लँजला ग्राफाइट गॅस्केट, रबर विसरा. आणि क्षमता २५ लिटर आणि प्रेशर १ किलो हे दोन्ही ओलांडत असाल तर बॉयलर कायदा लागतो, ते आधी विचारून घ्या.

इन्सुलेशनवरच्या अॅल्युमिनियम क्लॅडिंगचा (पत्र्याच्या वेष्टनाचा) जोड मात्र नेहमी खालच्या बाजूला ठेवा. आमचा वर होता, जूनमध्ये पाणी आत गेलं आणि दिवाळीला उघडलं तर ओल्या रॉकवूलखाली पाइपावर रुपयाएवढे खड्डे.