अमेरिकेत इव्ही घेताय? क्रेडिट युनियनचं लोन की सगळे पैसे एकदम, या चुका टाळा

न्यू जर्सीतलं एडिसन असो नाहीतर टेक्ससमधलं ऑस्टिन, मराठी घरात इव्ही (इलेक्ट्रिक गाडी) घ्यायचं ठरलं की रंग ठरायच्या आधी एक वाद होतोच, एक जण म्हणतो अकाउंटला पैसे पडलेत तर कर्ज कशाला डोक्यावर, दुसरा म्हणतो क्रेडिट युनियन (सभासदांची पतसंस्था) साडेपाच टक्क्याने देतंय तर आपले पैसे कशाला अडकवायचे. दोघंही व्याजदरावरूनच भांडतात, आणि पैसे जातात ते भलतीकडेच.

सुरुवात बजेटपासून. जुने व्हिडिओ बघून आकडे धरू नका. ७,५०० डॉलरचं फेडरल टॅक्स क्रेडिट (केंद्र सरकारची करसवलत) ३० सप्टेंबर २०२५ नंतर घेतलेल्या गाडीला मिळत नाही, सेकंडहँडवरचं ४,००० पर्यंतचं पण त्याच दिवशी संपलं. न्यू जर्सीत इव्हीला सेल्स टॅक्स माफ होता तो पण गेला, १ जुलै २०२५ पासून पूर्ण ६.६२५ टक्के लागतो, आणि नवीन इव्हीची जादा रजिस्ट्रेशन फी चार वर्षांची एकदम भरायची असते, ती हजार डॉलरच्या वर जाते. टेक्ससमध्ये नवीन इव्हीला सुरुवातीला ४०० आणि मग वर्षाला २००. त्यामुळे लोन मागताना किंवा चेक काढताना गाडीची किंमत न धरता सगळं मिळून हातात पडेपर्यंतचा आकडा धरा, नाहीतर डिलिव्हरीच्या दिवशी तीन-चार हजार कुठून आणायचे म्हणून पळापळ होते.

आता एक नवीन मोह. २०२५ ते २०२८ या वर्षांसाठी कार लोनच्या व्याजावर वर्षाला १०,००० डॉलरपर्यंत वजावट मिळते, म्हणून बरेच जण म्हणतात लोनच घ्या, टॅक्स वाचतो. अटी वाचा ना आधी. गाडी नवीन हवी, लोन गाडीवरच तारण असलेलं हवं (पर्सनल लोन काढून घेतली तर नाही), आणि गाडीची फायनल असेंब्ली अमेरिकेत झालेली हवी, म्हणजे मेक्सिकोत बनणारी फोर्ड मस्टँग माक-ई यात बसत नाही. शिवाय उत्पन्नाची मर्यादा, एकट्याला एक लाख, जोडप्याला दोन लाख, त्याच्या वर दर हजाराला वजावटीतले २०० डॉलर कापले जातात. चाळीस हजाराच्या लोनवर साडेपाच टक्क्याने पहिल्या वर्षाचं व्याज होतं साधारण दोन हजार, मग दोघांचं मिळून दोन लाख दहा हजार झालं की वजावट शून्य! दोघंही आयटीत असलेल्या घरात हा विषय तिथेच संपतो. आणि मिळाली तरी बावीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये वाचतात ४४० डॉलर, त्यासाठी दोन हजार व्याज भरायचं?

तसाच दुसरा लाडका हिशेब एफडीचा. "भारतात एनआरई (अनिवासी भारतीयांच्या खात्यातल्या) एफडीला सात टक्के मिळतायत आणि लोन साडेपाचचं, म्हणजे दीड टक्का आपलाच फायदा." हे चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांकडून ऐकलंय. एनआरईचं व्याज भारतात टॅक्स फ्री आहे, अमेरिकेत नाही, इथे टॅक्स रेसिडेंट असाल तर ते रिटर्नमध्ये दाखवावंच लागतं. वर रुपया. २०१५ मध्ये डॉलर साधारण ६४ रुपयांचा होता, २०२५ मध्ये ८५ च्या पुढे, म्हणजे वर्षाला सरासरी तीनेक टक्के तिथेच विरघळले. टॅक्स आणि रुपया दोन्ही वजा करा, सातातले दोन-सव्वादोन उरतात, आणि लोन तर डॉलरमध्ये साडेपाचने फेडायचंय.

मग सगळे पैसे एकदम भरून मोकळं व्हायचं? गणित म्हणतं हो. पण एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर गणिताच्या बाहेरची एक गोष्ट आहे, नोकरी गेली की देशात राहायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, त्या काळात भाडं, हेल्थ इन्शुरन्स, वकील, वेळ आली तर परतीची तिकिटं, हे सगळं खात्यातल्या पैशातून होतं, दारात उभ्या असलेल्या गाडीतून नाही. इव्हीची किंमत पहिल्या दोन-तीन वर्षांत जोरात पडते आणि घाईत विकायला गेलं की अजून पडते. ग्रीन कार्ड असेल, घरात दुसरा पगार असेल तर वेगळं, तेव्हा खुशाल एकदम भरा.

माझं मत विचाराल तर बहुतेकांना मधला रस्ता बरा. अर्धे भरा, अर्ध्याचं लोन घ्या. चाळीस हजार ५.५ टक्क्याने ६० महिन्यांसाठी घेतले तर हप्ता ७६४ आणि एकूण व्याज सुमारे ५,८५०, वीस हजारच घेतले तर दोन्ही निम्मं. आणि फेडरल (केंद्र सरकारच्या परवान्यावरच्या) क्रेडिट युनियनला कायद्यानेच लवकर फेडल्याबद्दल दंड लावता येत नाही, त्यामुळे वर्षाने ग्रीन कार्ड आलं, बोनस आला, टाका भरून. (राज्याच्या परवान्यावर चालणाऱ्यांचे नियम वेगळे असू शकतात, करार बघा.) हप्ता कमी दिसतो म्हणून ८४ महिन्यांवर मात्र जाऊ नका. तेच चाळीस हजार ६.५ ने सात वर्षं म्हणजे हप्ता ५९४, गोड वाटतो, पण व्याज ९,९०० च्या आसपास आणि मधली कित्येक वर्षं गाडीच्या किमतीपेक्षा कर्जच जास्त. तेवढ्यात अपघातात गाडी टोटल झाली (दुरुस्तीच्या पलीकडे गेली) तर इन्शुरन्स बाजारभाव देणार आणि वरचं तुम्ही भरणार, त्यासाठी गॅप कव्हर असतं आणि ते डीलरपेक्षा क्रेडिट युनियनकडे बहुतेक वेळा स्वस्त मिळतं.

क्रेडिट युनियन म्हणजे आपल्याकडच्या पगारदारांच्या पतसंस्थेची बहीणच, आधी सभासद व्हायचं, पाचेक डॉलर शेअर खात्यात ठेवायचे, मग कर्ज. लोक हे शेवटच्या आठवड्यात करायला जातात. नवीन सभासदाला पे स्टब (पगाराची पावती), पासपोर्ट, आय-७९७ (व्हिसा मंजुरीचं पत्र) वगैरे मागतात, काही क्रेडिट युनियन लोनची मुदत व्हिसाच्या तारखेपर्यंतच देतात, हे सगळं गाडी बुक करायच्या आधी विचारा. दोन-तीन ठिकाणी अर्ज करायचे असतील तर दोन आठवड्यांच्या आत उरका, मग क्रेडिट स्कोअरसाठी त्या सगळ्या चौकशा एकच धरल्या जातात. जाहिरातीतला दर बऱ्याचदा ऑटोपे लावल्यावरचा असतो, तेही बघा.

प्री-अप्रूव्हल (लोनची आगाऊ मंजुरी) खिशात असलं तरी डीलरकडे आधी किंमत पक्की करा, पैसे कसे देणार ते नंतर. "मी कॅश देतोय" म्हटल्यावर डिस्काउंट मिळेल हा आपल्याकडचा समज, इथे डीलर लोन लावून देण्यात कमावतो, त्यामुळे उलट त्याचा चेहरा पडतो. काही रिबेट तर कंपनीच्याच फायनान्सला असतात, अशा वेळी ते घेऊन नंतर क्रेडिट युनियनकडे रिफायनान्स करता येतं, फक्त त्यात किमान किती महिने थांबायची अट आहे का ते लेखी बघा. टेस्ला, रिव्हियनसारख्या थेट विकणाऱ्यांकडे घासाघीस नाहीच, तिथे अडचण वेगळी, डिलिव्हरीची तारीख आली आणि क्रेडिट युनियनचा चेक आलाच नाही. व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) मिळाल्या मिळाल्या कागद क्रेडिट युनियनकडे पाठवा.

एकदम भरणाऱ्यांनी ट्रान्सफरची रोजची मर्यादा आधी वाढवून घ्या. खरोखरच्या नोटा १०,००० डॉलरच्या वर दिल्या तर डीलर आयआरएसला (अमेरिकेच्या कर खात्याला) फॉर्म ८३०० भरतो, त्याने तुमचं काही बिघडत नाही, पण तो टाळायला नऊ-नऊ हजारांचे तुकडे केले तर तो गुन्हा.

आणि जे कोणी वाचतच नाही ते, क्रॉस कोलॅटरलचं (एकाच तारणावर अनेक कर्जं) कलम. बऱ्याच क्रेडिट युनियनच्या करारात लिहिलेलं असतं की ही गाडी तुमच्या त्यांच्याकडच्या इतर कर्जांनाही तारण आहे. म्हणजे कार लोन पूर्ण फिटलं, पण त्यांच्याच क्रेडिट कार्डावर तीन हजार बाकी आहेत, तर ते टायटल (गाडीच्या मालकीचा कागद) अडवून धरू शकतात. हप्ता चुकला तर त्यांच्याकडच्या तुमच्या बचत खात्यातून वळता करून घ्यायचा हक्कही असतो. म्हणून लोन एकीकडे आणि कार्ड, इमर्जन्सीचे पैसे दुसरीकडे ठेवलेलं बरं.

लोन घेतल्यावर लगेच इन्शुरन्सवर लीनहोल्डर (ज्यांच्याकडे गाडी तारण आहे ते) म्हणून क्रेडिट युनियनचं नाव नीट टाका. पुरावा पोचला नाही की ते स्वतःच महागडा इन्शुरन्स लावून तुमच्या कर्जात जोडतात. असं झालंच तर पॉलिसीचं डिक्लरेशन पान पाठवा, कव्हर आधीपासून होतं हे दिसलं की ती रक्कम परत वळती करून मिळते. लोन फिटल्यावर लीन (तारणाचा बोजा) निघाल्याचा कागद आणि टायटल आलं का बघा, इन्शुरन्सवरून त्यांचं नाव काढा, आणि गॅप घेतलं असेल तर उरलेल्या मुदतीचे पैसे स्वतःहून मागा, त्याचा फॉर्म बहुतेक वेगळा भरावा लागतो.