कीटोजेनिक आहारावरील मुलांची घरी करावयाची लघवीची आणि रक्ताची तपासणी

अपस्माराच्या फिट औषधांनी आटोक्यात येत नाहीत, तेव्हा बालमेंदूविकारतज्ज्ञ काही मुलांसाठी कीटोजेनिक आहार सुचवतात. या आहारात स्निग्ध पदार्थ भरपूर आणि पिष्टमय पदार्थ अत्यल्प असल्यामुळे यकृत चरबीपासून कीटोन तयार करते आणि मेंदू ते इंधन म्हणून वापरू लागतो. कीटोन पुरेसे तयार होत आहेत का आणि ते प्रमाणाबाहेर तर जात नाहीत ना, हे आई-वडिलांना घरच्या घरी पाहता येते. पुढे दिलेले आकडे सर्वसाधारण आहेत. आपल्या मुलासाठीच्या मर्यादा डॉक्टर व आहारतज्ज्ञ यांच्याकडून कागदावर लिहून घ्याव्यात आणि त्याच पाळाव्यात.

रोजच्या देखरेखीसाठी लघवीची तपासणी पुरेशी ठरते. स्वच्छ, कोरड्या भांड्यात ताजी लघवी घेऊन कीटोन तपासण्याच्या कागदी पट्टीचे टोक क्षणभर बुडवावे, कडेला टेकवून जादा थेंब निथळू द्यावा आणि पट्ट्यांच्या डबीवर सांगितलेली वेळ घड्याळात मोजूनच रंग पाहावा. काही पट्ट्यांना 15 सेकंद, तर काहींना 40 सेकंद लागतात, आणि उशिरा पाहिल्यास रंग गडद होत जाऊन आकडा फुगलेला दिसतो. रंग नेहमी एकाच ठिकाणी, दिवसाउजेडी किंवा पांढऱ्या दिव्याखाली जुळवावा. डायपरमधील बाळासाठी डायपरमध्ये स्वच्छ कापसाचे बोळे ठेवावेत आणि ते ओले झाल्यावर पट्टीवर पिळावेत. डबीचे झाकण लगेच घट्ट लावणे अत्यंत महत्त्वाचे आहे, कारण कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यातील दमट हवेने पट्ट्या लवकर खराब होतात. न वापरलेल्या पट्टीचा रंगच बदललेला दिसला, तर ती डबी टाकून द्यावी. डबी उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी आणि उत्पादकाने दिलेल्या मुदतीनंतर ती वापरू नये.

रंग जुळवण्यासाठी डबीवर छापलेल्या रंगपट्टीवर बहुधा 5, 15, 40, 80 आणि 160 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असे टप्पे असतात. या आहारावरील मुलांत सामान्यतः 80 ते 160 अपेक्षित असतात. मात्र लघवीची पट्टी या क्षणाची स्थिती सांगत नाही. मूत्राशयात मागील काही तासांत जे साठले, त्याची ती सरासरी असते. मूल भरपूर पाणी प्यायले असेल तर रंग फिका येतो, कमी प्यायले असेल तर गडद. शिवाय कीटोन सकाळी तुलनेने कमी आणि संध्याकाळी जास्त असतात, म्हणून सोमवारी सकाळची आणि मंगळवारी रात्रीची पट्टी शेजारी ठेवून निष्कर्ष काढू नये. सोडियम व्हॅल्प्रोएट हे फिटचे औषध घेणाऱ्या मुलांच्या लघवीत त्या औषधाचे कीटोनसारखे अंश उतरतात आणि पट्टी वाजवीपेक्षा गडद होऊ शकते. अशा मुलांच्या बाबतीत केवळ लघवीवर विसंबणे मला योग्य वाटत नाही.

रक्ततपासणीत वेगळाच कीटोन, म्हणजे बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट मोजला जातो, आणि तो त्या क्षणीची पातळी दाखवतो. त्यासाठी कीटोन मोजणारे मीटर आणि कीटोनच्याच पट्ट्या लागतात. साखरेच्या पट्टीवर कीटोन कळत नाहीत. मुलाचे हात साबणाने व कोमट पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करावेत, कारण बोटावर फळाचा किंवा गोडाचा अंश राहिला तर साखर खोटी जास्त दिसते. नवे लॅन्सेट (टोचायची छोटी सुई) घेऊन बोटाच्या टोकाच्या मधोमध न टोचता कडेला टोचावे. तेथे वेदना कमी होते. एक वर्षाखालील बाळात टाचेची कड वापरतात, पण ते आधी परिचारिकेकडून शिकून घ्यावे. पहिला थेंब पुसून दुसरा थेंब पट्टीला लावावा आणि बोट दाबून रक्त काढणे टाळावे. वापरलेली लॅन्सेट जाड प्लास्टिकच्या बंद डब्यात साठवून रुग्णालयात किंवा प्रयोगशाळेत द्यावीत, घरच्या कचऱ्यात टाकू नयेत.

येथे एककांचा घोळ हमखास होतो. लघवीच्या डबीवर कधी कधी मिलीमोलचे आकडेही छापलेले असतात आणि त्यातला 8 म्हणजे 80 मिलिग्रॅमचाच टप्पा असतो, जो या आहारात अपेक्षित आहे. रक्तातील 8 मात्र धोकादायक असतो. रक्तातील कीटोन बहुतेक केंद्रांत साधारण 2 ते 5 मिलीमोल प्रति लिटर ठेवले जातात. म्हणून नोंदवहीत तारीख आणि वेळ यांबरोबर ‘लघवी’ की ‘रक्त’ हे स्पष्ट लिहावे. त्याच ओळीत फिट, जेवण, उलटी आणि नवे औषध यांची नोंद ठेवावी.

कीटोन अचानक घटले, तर प्रथम लपलेली साखर शोधावी. ती तापाच्या किंवा खोकल्याच्या गोड सिरपमध्ये, मधात उगाळलेल्या बाळगुटीत, चघळायच्या गोळीत, शाळेत वाटलेल्या पेढ्यात किंवा आजीने मायेने दिलेल्या प्रसादात सापडते. घरातील प्रत्येकाला हे समजावून सांगणे कोणत्याही पट्टीइतकेच आवश्यक आहे.

उलट बाजूने, मूल मलूल झाले, चेहरा लाल झाला, श्वास जलद चालू लागला, ते चिडचिडे झाले किंवा उलट्या होऊ लागल्या, तर लघवीची वाट न पाहता रक्तातील कीटोन आणि साखर दोन्ही लगेच तपासावेत. या आहारात साखर 55 ते 75 मिलिग्रॅम असूनही मूल खेळत असते, तेव्हा सहसा उपचार लागत नाही. साखर 40 च्या खाली गेली, किंवा घाम, थरथर, गुंगी अशी लक्षणे असली, किंवा लक्षणांसह रक्तातील कीटोन 5–6 मिलीमोलच्या वर गेले, तर डॉक्टर व आहारतज्ज्ञांच्या चमूने आधी लिहून दिल्याप्रमाणे शुद्धीवर असलेल्या मुलाला थोडा फळांचा रस देतात (अनेक ठिकाणी 30 मिलिलिटर) आणि 15 ते 20 मिनिटांनी पुन्हा तपासतात. बेशुद्ध मुलाच्या तोंडात काहीही घालू नये. सुधारणा नसेल, उलट्या थांबत नसतील, गुंगी वाढत असेल किंवा फिट 5 मिनिटांहून जास्त चालली, तर थेट रुग्णालय गाठावे.

मूतखडा हा या आहाराचा एक ज्ञात धोका आहे आणि टोपिरामेट किंवा झोनिसामाइड ही फिटची औषधे चालू असल्यास तो वाढू शकतो. म्हणून लघवी लालसर, गढूळ किंवा वाळूसारखे कण असलेली दिसल्यास, अथवा पोटात किंवा कमरेत दुखत असल्यास, डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे.

रुग्णालयात नेताना नोंदवही, मीटर आणि चमूचे पत्र सोबत असावे. मूल कीटोजेनिक आहारावर आहे आणि साखर कमी नसेल तर सलाइन डेक्स्ट्रोजविरहित (साखर नसलेले) हवे, हे त्या पत्रात ठळक अक्षरांत लिहिलेले असावे, कारण तातडीच्या विभागात सवयीने डेक्स्ट्रोजयुक्त सलाइन लावले गेल्यास कीटोन झपाट्याने उतरतात आणि फिट परत येऊ शकतात.