संक्रांतीच्या वाणाला प्लास्टिकचे डबे नकोत, मेथी द्या

संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकवाला पाच-सहा घरी जाऊन आलं की प्लास्टिकच्या चाळण्या, डब्या, साबणदाण्या नुसत्या साठतात, माझ्या माळ्यावर तर अजून तीन वर्षांपूर्वीच्या पडल्यात 😄 त्यापेक्षा जुन्या कॅलेंडरच्या कागदाची पुडी करून त्यात मूठभर मेथीदाणे बांधून लुटा, किराण्यातलीच मेथी चालते, वेगळं बियाणं आणायला नको. आणि घेणारीला तेवढं सांगा की रात्रभर भिजवून कुंडीत पसरायचे, वर बोटाच्या पेरापेक्षा कमीच माती, चार-पाच दिवसांत कोंब येतात नि थंडीत साधारण महिन्याभरात भाजी. तिळगूळपण प्लास्टिकच्या पाऊचमधे नको, सरळ हातावर द्या. हळदीकुंकवाच्या प्लास्टिक पुड्या तर अजिबातच आणू नका!